मोबाईलमधल्या ढगाले कोणी भेते का?

पेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न मला नेहमी येतो. पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय वाचायचं? अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचलं, शेवटचा निष्कर्ष वाचला, झालं की. एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं मीही असंच वाचत होतो. त्याची किंमत शेवटी आमच्या भुऱ्याने मोजली, म्हणून आजचा लेख कुत्र्यांवर आहे. माझा पीएचडीचा विषय नदीतले मासे आहे, कुत्रे नाहीत, हे आधीच सांगतो. पण आपल्या विषयाबाहेरचे पेपर वाचून पाहिले की आपली वाचायची सवय किती कच्ची आहे हे लवकर कळतं.

भुऱ्या तसा गल्लीतलाच. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या छपरीत येऊन बसला आणि राहिला. गळ्यात पट्टा आहे, जेवण आमच्याकडे, पण दिवसभर कुठे असतो ते त्यालाच ठाऊक. दोनेक वर्षांपासून त्याला ढगांची भीती बसली. आमच्याकडे राजुऱ्यात एप्रिल-मे महिन्यात अवकाळी येतो तो विजा घेऊनच येतो. वारा सुटला की हा बाजेखाली घुसायचा, थरथरायचा, मग उठून दारावर पंजे मारायचा. आई म्हणायची, येऊ दे त्याला आत. मी मात्र शास्त्रीय उपाय करायचं ठरवलं.

कुत्र्याला आवाजाची सवय लावायची पद्धत जुनी आहे. गडगडाटाचं रेकॉर्डिंग अगदी हळू वाजवायचं, सोबत खायला द्यायचं, आणि दिवसागणिक आवाज वाढवत न्यायचा. मी एक तक्ता केला. हाफणं, थरथरणं, येरझाऱ्या, लपणं, लाळ गळणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. पहिल्या दिवशी भुऱ्याला सहा मिळाले. तीन आठवड्यांनी ब्लूटूथ स्पीकरवर पूर्ण आवाजातही एक. मी खूश. आई दारात उभी राहून म्हणाली, "काहून त्याले तरास देतं रे? मोबाईलमधल्या ढगाले कोणी भेते का?"

मे महिन्याच्या शेवटी रात्री वादळ आलं. माझ्या तक्त्यावर माझा इतका विश्वास की मी त्याला छपरीतच खांबाला बांधून ठेवलं होतं. लाईट गेली, शेजारच्यांची टिनं वाजायला लागली, एक वीज जवळच कुठेतरी पडली, आणि टॉर्च लावून बाहेर येईपर्यंत नुसता पट्टा लोंबत होता. डोकं काढून पळाला होता. आमच्या भागात कुत्रं रात्री बाहेर राहिलं की पहिला विचार बिबट्याचा येतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. तो ऊसपट्टा, आपला जंगलपट्टा, आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्या रात्री मला तोच आठवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी भुऱ्या नाल्यावरच्या पुलाखाली सापडला. पंजा फाटलेला, बाकी ठीक.

त्यानंतर मी पेपर वाचायला बसलो. म्हणजे जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं.

सुरुवात २००३ च्या एका पेपरपासून करू, कारण माझी चूक त्यात आधीच छापलेली होती. अमेरिकेतल्या शेरॉन क्रोवेल-डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी वादळाला घाबरणाऱ्या ४० कुत्र्यांवर उपचार केले. क्लोमिप्रामिन रोज, अल्प्राझोलाम वादळाच्या वेळी, आणि जोडीला घरी मालकांकडून सवय लावण्याचा सराव. ३२ कुत्रे शेवटपर्यंत टिकले. त्यांपैकी ३० जणांत मालकांना सुधारणा दिसली, दोघांची भीती पूर्ण गेली असं मालकांनी सांगितलं. ही झाली बातमी. आता त्याच पेपरातलं एक लहान वाक्य: रेकॉर्डिंग ऐकवल्यावर कुत्रे जसे वागायचे त्यात उपचारादरम्यान काही बदल झाला नाही. खऱ्या वादळात सुधारले, रेकॉर्डिंगला तसेच राहिले. म्हणजे एकाच कुत्र्याचे हे दोन प्रतिसाद एकमेकांना बांधलेले नाहीत. माझ्याकडे उलटं झालं होतं, रेकॉर्डिंगला सुधारला आणि वादळात तसाच. पण धडा एकच. मी मोजत होतो ती गोष्ट वेगळी आणि मला हवी होती ती वेगळी.

याला आपण प्रॉक्सी म्हणतो. थेट मोजता येत नाही म्हणून तिच्या जागी दुसरं काहीतरी मोजायचं. प्रॉक्सी वापरण्यात गैर काही नाही, माझ्या माशांच्या कामात अर्ध्या गोष्टी प्रॉक्सीच आहेत. फक्त ती मूळ गोष्टीसोबत हलते का हे कोणी तपासलंय का, एवढं विचारायचं. गडगडाटात बरीच ऊर्जा अगदी खालच्या पट्टीत असते, काही तर २० हर्ट्‌झच्याही खाली, जी आपल्याला ऐकू येत नाही. छातीत धस्स होतं, खिडकीची काच थरथरते ती त्यामुळे. मोबाईलचा किंवा हातात मावणाऱ्या स्पीकरचा पडदा ती पट्टी वाजवूच शकत नाही. शिवाय खऱ्या वादळात वारा आहे, लख्ख उजेड आहे, मातीचा वास आहे, आणि आमच्याकडे लाईट जाऊन कूलर बंद पडणं आहे, घरातल्यांनी खिडक्या लावायला केलेली धावपळ आहे. भुऱ्या यातल्या नेमक्या कशाला घाबरतो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्याच पेपरवर अजून दोन मिनिटं थांबू, तयारी करणाऱ्यांसाठी तो फार कामाचा आहे. ३२ पैकी ३० म्हणजे ९४ टक्के. पण सुरुवात ४० पासून झाली होती. ४० पैकी ३० धरले तर ७५ टक्के. मधले आठ का सोडून गेले? बरे झाले म्हणून, की काही फरक पडेना म्हणून, की औषध सोसलं नाही म्हणून? भाजक कोणता घेतलाय हे बघितल्याशिवाय टक्केवारी वाचायचीच नाही, हा नियम मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. दुसरं, तीन उपचार एकत्र दिले, तर फायदा कशाचा? आणि तिसरं, हा ओपन ट्रायल होता. प्लासिबो गट नाही. आपल्या कुत्र्याला औषध चालू आहे हे मालकांना माहीत होतं, आणि सुधारणा झाली की नाही हेही तेच सांगणार होते. लेखकांनी हे लपवलेलं नाही, पेपरात स्पष्ट आहे. त्यांचा पेपर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वाईट होतं ते माझं वाचन.

मालकाने सांगितलं, या दोन शब्दांवर या क्षेत्राचा मोठा भाग उभा आहे. आणि माझी मुख्य तक्रार इथेच आहे. भीती कुत्र्याची, पण फॉर्म भरतो माणूस.

एमिली ब्लॅकवेल आणि सहकाऱ्यांचं २०१३ चं काम बघा. इंग्लंडमधल्या मालकांना विचारलं, तुमचा कुत्रा आवाजाला घाबरतो का? साधारण एक चतुर्थांश लोक हो म्हणाले. मग मुलाखतीत नेमक्या खुणा विचारल्या, म्हणजे आवाज झाल्यावर थरथरतो का, भुंकतो का, तुमच्याजवळ येतो का. तेव्हा जवळपास अर्ध्या लोकांनी निदान एक तरी खूण सांगितली. प्रश्न बदलला आणि आकडा जवळजवळ दुप्पट. मग खरं प्रमाण कोणतं? माझ्या मते दोन्ही नाही. पहिला आकडा मालक भीती कशाला म्हणतो ते सांगतो, दुसरा संशोधक भीती कशाला म्हणतो ते. फिनलंडच्या १३,७०० कुत्र्यांवरचा २०२० चा पेपर तुम्ही बातम्यांत वाचला असेल, त्यात ३२ टक्के कुत्रे आवाजाला संवेदनशील निघाले. सॅम्पल बघून डोळे दिपतात. पण तीही मालकांनी भरलेली प्रश्नावलीच. सॅम्पल मोठं केल्याने मोजपट्टी सरळ होत नाही.

मालकाची आशा आकड्यात किती शिरते ते बघायचं असेल तर प्लासिबो असलेले अभ्यास शोधायचे. कुत्र्यांचं घाबरणं अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेमुळे असतं अशी एक कल्पना आहे. तिच्यावरून एक खास अस्तराची झूल बाजारात आली. निकोल कॉटम आणि निकोलस डॉडमन यांनी २००९ मध्ये ती झूल आणि तशीच दिसणारी पण अस्तर नसलेली झूल यांची तुलना केली. दोन्ही गटांतल्या मालकांना कुत्रे सुधारलेले दिसले, आणि दोन झुलींत खात्रीने सांगावा असा फरक निघाला नाही. आता फक्त पहिलाच गट घेतला असता तर? झूल गुणकारी, म्हणून पेपर छापून आला असता. दुसरं उदाहरण २०१७ चं. नववर्षाच्या रात्रीच्या फटाक्यांसाठी डेक्समेडेटोमिडिनचं जेल १८२ कुत्र्यांवर तपासलं. औषधाच्या गटात ७२ टक्के मालकांनी परिणाम चांगला किंवा उत्तम म्हटला. प्लासिबो गटात ३७ टक्के. औषधाचा उपयोग दिसतो, वादच नाही. पण मला तो ३७ जास्त बोलका वाटतो. ज्यात औषधच नाही अशा जेलने शंभरातले ३७ मालक समाधानी. माझ्या तक्त्यातली सहावरून एकवर आलेली उडी यात किती होती देव जाणे, कारण गुण देणारा मीच आणि यश हवं असणाराही मीच.

(फटाक्यांवरचे अभ्यास इतके का, तर नववर्षाची रात्र कॅलेंडरवर असते. वादळाला तारीख देता येत नाही. सोयीची गोष्ट मोजली जाते आणि तिचा निष्कर्ष गैरसोयीच्या गोष्टीला चिकटवला जातो. हे आपल्या प्रत्येक विषयात होतं.)

मग मालकाला बाजूला ठेवून कुत्र्यालाच मोजता येत नाही का? येतं. नॅन्सी ड्रेशेल आणि डग्लस ग्रेंजर यांनी २००५ मध्ये तेच केलं. वादळाला घाबरणारे १९ कुत्रे आणि त्यांचे सांभाळणारे, वादळाचं रेकॉर्डिंग, आणि आधी व नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल. कुत्र्यांचं कॉर्टिसॉल सरासरी २०७ टक्क्यांनी वाढलं आणि ४० मिनिटांतही मूळ पातळीवर आलं नाही. माणसांच्या कॉर्टिसॉलमध्ये काही फरक नाही. इथे एक गणित. २०७ टक्क्यांनी वाढलं म्हणजे तिपटीहून थोडं जास्त झालं. २०७ टक्के झालं असं लिहिलं तर ते दुपटीहून थोडं जास्त. मराठीत विज्ञानाच्या बातम्या लिहिणारे हे दोन सर्रास एक करतात, तुम्ही करू नका.

मला हा पेपर आवडतो. इथेही रेकॉर्डिंगच आहे, पण या कुत्र्यांच्या शरीराने ते खरं मानलं, एवढं कॉर्टिसॉल दाखवतं. म्हणजे आईचं वाक्य सरसकट खरं नाही, काही कुत्रे मोबाईलमधल्या ढगालाही भितात. पण त्यातले दोन निष्कर्ष लोक जसे वापरतात ते मला पटत नाही. एक, घरात दुसरे कुत्रे असतील तर कॉर्टिसॉल कमी वाढलं आणि लवकर उतरलं. यावरून सोबतीला अजून एक कुत्रा आणा असा सल्ला फिरतो. पण दुसरा कुत्रा चिठ्ठी टाकून कुणाला दिला नव्हता. दोन-तीन कुत्रे पाळणारी माणसं, त्यांची घरं, त्यांचा दिनक्रम, सगळंच वेगळं असू शकतं. दोन, माणूस आणि कुत्रा यांच्या नात्याचा परिणाम दिसला नाही. यावरून जवळ घेऊन काही उपयोग नाही असं सांगितलं जातं. १९ जोड्यांत परिणाम दिसला नाही आणि परिणाम नाही, या दोन वाक्यांतलं अंतर ज्याला कळलं त्याची संख्याशास्त्राची अर्धी तयारी झाली.

आता आपल्या मातीवर येऊ, कारण खरी गंमत इथे आहे. या जवळपास सगळ्या तक्त्यांत हाफणं ही भीतीची खूण धरली आहे. बर्न किंवा हेलसिंकीला ठीक. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, तिथे कुत्रा हाफतो कारण कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. भुऱ्याचा पहिल्या दिवशीचा सहा, त्यातले दोन गुण हाफण्याचे. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नंतर मी सराव सकाळी करायला लागलो आणि गुण घसरले. आलं लक्षात? खऱ्या वादळात तर अजून घोळ. वादळाचा गार वारा सुटला की तापमान झपाट्याने उतरतं, म्हणजे भीती वाढत असताना हाफणं कमीही होऊ शकतं. बाहेरून आणलेली मोजपट्टी इथल्या उन्हात वाकते, आणि हे मला एकाही पेपरने नाही, माझ्याच वहीतल्या वेळेच्या रकान्याने सांगितलं. म्हणून वेळ लिहा. काहीही मोजा, वेळ आणि तापमान लिहा.

प्रश्नावलीचं तेच. सी-बार्क नावाची पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेली प्रसिद्ध प्रश्नावली आहे, तिच्यात अचानक होणाऱ्या मोठ्या आवाजाच्या उदाहरणांत व्हॅक्यूम क्लीनर येतो. तिचं मराठी भाषांतर करून आमच्या गल्लीत वाटलं तर? इथे मिक्सर, सिमेंटचे ट्रक आणि लग्नातला डीजे. शब्द बदलणं म्हणजे भाषांतर झालं असं नाही.

त्याहून मोठी अडचण म्हणजे, मालक कोण? जगातले बहुसंख्य कुत्रे घरात बंद राहत नाहीत, मोकळे फिरतात. आपल्याकडचे तर नक्कीच. ज्यांच्यावर हे सगळे पेपर आहेत ते कुत्रे घरात झोपणारे, दोरीने फिरणारे, आणि फॉर्म भरणारा मालक असलेले. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र यांचा गट मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम करतोय, माणसाचे इशारे ते कसे वाचतात, अन्न कसं निवडतात यावर. वादळातल्या भीतीवर असं काम मला हवं आहे. रस्त्यावरचा कुत्रा वादळात कुठे जातो? त्याला पळायला वाव असतो, बांधलेल्याला नसतो. भीती वादळाची किती आणि बांधलं गेल्याची किती, हे घरातल्या कुत्र्यांवरून कधी कळणारच नाही. त्या रात्री भुऱ्याला खांबाला मी बांधलं होतं, हे लिहिताना मला अजून बरं वाटत नाही.

आमच्या तालुक्यात यासाठी एक चांगली जागा आहे. सास्ती, गोवरी, पवनी इकडे कोळशाच्या खुल्या खाणी आहेत, तिथे सुरुंगाचे स्फोट होतात. त्या भागातली कुत्री वर्षानुवर्षं ते ऐकतात. त्यामुळे ती गडगडाटाला सरावतात की उलट जास्त बिथरतात? विरूर स्टेशनकडच्या कुत्र्यांशी तुलना करता येईल. विजेची वेळ आणि जागा कळायला पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप आहेच. मी उत्साहाने आमच्या सरांना सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, खाणीजवळच्या आणि लांबच्या गावात फरक फक्त स्फोटांचाच आहे का? ट्रक नाहीत? धूळ नाही? वस्ती, उकिरडे, कुत्र्यांची संख्या, सगळं सारखं? मी गप्प. सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनो, हा प्रश्न समितीसमोर येण्याआधी स्वतःला विचारा.

एक लोकप्रिय दावा जाता जाता. कुत्र्याचे कान तीक्ष्ण, म्हणून लांबचा गडगडाट त्याला आपल्याआधी ऐकू येतो म्हणे. हेफनर यांनी १९८३ मध्ये कुत्र्यांची श्रवणशक्ती मोजली. ६० डेसिबलच्या पातळीवर कुत्रा साधारण ६७ हर्ट्‌झपासून ४५ किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकतो. वरच्या पट्टीत तो आपल्या कितीतरी पुढे आहे. खालच्या पट्टीत मात्र आपण त्याच्यापेक्षा खालपर्यंत ऐकतो. आणि लांबून येणाऱ्या गडगडाटात उरतो तो नेमका खालच्या पट्टीचाच आवाज. तेव्हा भुऱ्या आपल्याआधी उठत असेल तर कारण वाऱ्यात किंवा वासात शोधावं लागेल, किंवा आपण टीव्ही बघत असतो यात.

शेवटी भुऱ्याच्या पायाबद्दल. लिंकन विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या केस तपासल्या, दहा सांधे-स्नायूंचं दुखणं असलेले, दहा नसलेले. दुखणाऱ्यांमध्ये भीती सरासरी जवळपास चार वर्षं उशिरा सुरू झाली होती. अंदाज असा की दचकल्यावर अंग आखडतं, दुखतं, आणि ते दुखणं आवाजाशी जोडलं जातं. दहा-दहाचा अभ्यास, त्यावरून सिद्ध काहीच होत नाही. पण वाचताना मी थांबलो. भुऱ्याची भीती मोठेपणी सुरू झाली, आणि त्याच्या काही महिने आधी एका मोटरसायकलने त्याच्या मागच्या पायाला धडक दिली होती. पंजा शिवायला नेला तेव्हा मी डॉक्टरांना तो पायही दाखवला. कंबरेजवळ दाबल्यावर तो कळवळला. आता दुखण्याचं औषध चालू आहे, डॉक्टरांनी दिलेलं. (वर लिहिलेली औषधं कुणी स्वतःच्या मनाने देऊ नये, त्यातली काही माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतात म्हणून मुद्दाम सांगतो.)

यंदा आतापर्यंत चार वादळं झाली. भुऱ्याला बांधत नाही, कोठीच्या खोलीचं दार उघडं ठेवतो, तो तांदळाच्या पोत्यामागे जाऊन बसतो. दोनदा थरथरला, दोनदा नाही. औषधामुळे, खोलीमुळे की यंदा विजा लांब होत्या म्हणून, सांगता येत नाही. वहीत आता चमक आणि आवाज यांतले सेकंद लिहितो, तीन सेकंदांना एक किलोमीटर. लाईट गेली की नाही तेही. आणि गुण मी देत नाही. कोठीत मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून ठेवतो आणि ब्रह्मपुरीच्या एका मित्राला पाठवतो, त्याला ते वादळातले आहेत की साध्या रात्रीचे हे न सांगता, आवाज बंद करून. त्याचे पहिले गुण काल आले. एका साध्या रात्रीला त्याने चार दिलेत.